दुसरा गुद्दा

ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉलमध्ये गॉर्डन कॉव्हेंट्री नावाचा एक गडी होऊन गेला. 1920 ते 1937 असे अठरा हंगाम तो मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबकडून खेळला. 306 सामने, 1299 गोल. आणि एवढ्या सगळ्या काळात मारामारी केली म्हणून त्याच्यावर तक्रार झाली ती फक्त एकदा, 1936 साली. त्या वेळी त्याच्या मानेवर गळवं झाली होती. समोरचा गडी त्याच गळवांवर पुन्हा पुन्हा हाणत होता, असं तिथले लोक आजही सांगतात. शेवटी कॉव्हेंट्री वळला आणि त्याने गुद्दा ठेवून दिला. शिक्षा झाली आठ सामन्यांची.

मानेवर केसतूड होणं म्हणजे काय, हे ज्याला झालंय त्यालाच ठाऊक. शर्टाची कॉलर टेकली तरी डोळ्यांत पाणी येतं. अशा मानेनिशी हा माणूस मैदानात उतरला होता.

या माणसापर्यंत मी पोचलो तो क्रिकेटमुळे. आपण सगळे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड ओळखतो ते नाताळानंतरच्या कसोटीसाठी. पहाटे उठून, रजईतून हात बाहेर काढून टीव्ही लावायचा, हे माझ्या पिढीने केलेलं आहे. पण हे मैदान एवढं अवाढव्य का, नव्वद-नव्वद हजार माणसं तिथे कशासाठी येतात, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. उत्तर असं की ती गर्दी मूळची क्रिकेटची नाहीच. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा, त्या गवतावर एक वेगळाच खेळ चालतो आणि मेलबर्नचं खरं वेड तेच आहे.

गंमत म्हणजे त्या खेळाचा उगमसुद्धा क्रिकेटमधलाच. 1858 साली टॉम विल्स नावाच्या नामांकित क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका क्रीडापत्रात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटू घरी बसून सुस्तावतात, तेव्हा त्यांनी फुटबॉलसारखा एखादा खेळ सुरू करावा. पुढच्याच वर्षी मे महिन्यात मेलबर्न क्लबच्या मंडळींनी नियम लिहून काढले. (याच विल्सने पुढे आदिवासी खेळाडूंच्या क्रिकेट संघाला शिकवलं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि फार दुःखद आहे.) खेळ वाढला, क्रिकेटच्या लंबगोल मैदानांवर स्थिरावला, आणि 1897 मध्ये आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली. आज तिलाच एएफएल म्हणतात.

नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. एका बाजूला अठरा गडी. चेंडू लांबट. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, वर आडवी दांडी नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला की गोल, त्याचे सहा गुण. शेजारच्या खांबांतून गेला तर एकच गुण. सहकाऱ्याने लांबून मारलेला चेंडू हवेतच स्वच्छ झेलला, तर झेलणाऱ्याला निवांतपणे मारायची संधी मिळते. त्यामुळे गोलाच्या तोंडाशी उभा राहणारा गडी, ज्याला ते फुल-फॉरवर्ड म्हणतात, तो मुळात झेल घेणारा असतो. आणि त्याच्या पाठीला पाठ, खरं तर पाठीला छाती लावून उभा असतो प्रतिस्पर्ध्यांचा फुल-बॅक. चेंडू वरून येतो. पुढचा दोन्ही हात वर करून झेलायला बघतो, मागचा मूठ वळून तो चेंडू ठोसून बाहेर घालवायला बघतो. चेंडूला मूठ मारणं पूर्णपणे कायदेशीर. आता मूठ चेंडूला लागली की मानेला, चुकून लागली की मुद्दाम, हे शंभर पावलांवरून कोण सांगणार?

कॉव्हेंट्रीने आयुष्यातली अठरा वर्षं अशी काढली, पाठीमागे कुणीतरी मूठ वळून उभं असताना.

त्याचा जन्म 25 सप्टेंबर 1901 चा, मेलबर्नच्या ईशान्येला असलेल्या डायमंड क्रीक गावातला. फळबागांचा मुलूख. तिथून तो अठराव्या वर्षी कॉलिंगवूडच्या संघात आला. कॉलिंगवूड म्हणजे मेलबर्नमधली कामगारवस्ती: बुटांचे कारखाने, दाटीची घरं, हातावर पोट असलेली माणसं. अशा वस्तीला काळे-पांढरे पट्टे घातलेला संघ काय वाटत असेल, हे आपल्याकडच्या गिरणगावातल्या कबड्डीच्या मंडळांची गोष्ट ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

संघात तेव्हा डिक ली नावाचं मोठं झाड उभं होतं. 1906 पासून खेळणारा, 707 गोलांचा धनी. त्याच्या सावलीत पोरगेल्या गॉर्डनने सुरुवात केली. पहिल्याच वर्षी अंतिम सामना खेळायला मिळाला, रिचमंडने तो जिंकला. 1922 मध्ये ली निवृत्त झाला. त्याच वर्षी गॉर्डनचा मोठा भाऊ सिड संघात आला. दोघा भावांचा स्वभाव भिन्न. सिड आघाडीवर राहून भांडणारा, पुढे कर्णधार झाला, 1927 चं ब्राउनलो पदक त्याला मिळालं. गॉर्डन शांत. उंच उड्या मारून लोकांच्या खांद्यांवर चढणं हे या खेळातलं सगळ्यात डोळे दिपवणारं दृश्य, पण ते त्याच्या वाट्याचं नव्हतं. त्याची ताकद हातांत. चेंडू एकदा पंजात आला की सुटायचा नाही. जागा धरायची, अंगाने मागच्याला रेटून ठेवायचं, झेल घ्यायचा, चार पावलं मागे जायचं, गोल मारायचा. पुन्हा जागेवर. मला असे लोक आवडतात. वर्गातसुद्धा.

1926 मध्ये 83 गोल करून तो पहिल्यांदा लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे गेला. आणि मग आला कॉलिंगवूडचा तो काळ, ज्याला तिथे ‘द मशीन’ म्हणतात. 1927, 28, 29, 30, सलग चार अजिंक्यपदं. शंभर वर्षं होत आली, चार सलग आजवर दुसऱ्या कुणाला जमलेली नाहीत. प्रशिक्षक जॉक मॅकहेल, कर्णधार सिड, गोलाच्या तोंडाशी गॉर्डन.

या चारांपैकी मला सगळ्यात आवडतो तो पहिला, 1927 चा अंतिम सामना. धो धो पाऊस, मैदानाचा चिखल झालेला, चेंडू साबणासारखा. कॉलिंगवूडचे अख्ख्या सामन्यात दोन गोल झाले, रिचमंडचा एक. गुणफलक 25 विरुद्ध 13. एरवी या खेळात शंभरी सहज होते. कॉलिंगवूडचे ते दोन्ही गोल गॉर्डनचे. पुढच्या वर्षी, कोरड्या हवेत, त्याच रिचमंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने 9 गोल केले. अंतिम सामन्यातला हा विक्रम 1989 मध्ये गॅरी ॲब्लेटने गाठला खरा, पण अजून कुणी मोडलेला नाही. म्हणजे चिखलात दोन आणि उन्हात नऊ. दोन्ही वेळा चषक आला.

1929 मध्ये कॉलिंगवूडने साखळीतले अठराच्या अठरा सामने जिंकले. त्या हंगामात गॉर्डनचे 124 गोल झाले. त्या लीगमध्ये एका हंगामात शंभर गोल करणारा तो पहिला. हॉथॉर्नविरुद्ध एका सामन्यात 16. पुढच्या वर्षी फिट्झरॉयविरुद्ध 17. हा सतराचा विक्रम 1947 मध्ये फ्रेड फॅनिंगने अठरा मारून मोडला.

याच सुमारास जागतिक मंदी आली. कारखाने थंडावले, कामगारवस्तीत चुली विझायची वेळ आली. लीगने 1930 मध्ये नियम केला की खेळाडूला सामन्यामागे तीन पौंडांहून जास्त द्यायचे नाहीत. इतर क्लब आडमार्गाने पैसे देत. कॉलिंगवूडचा मात्र हेका असा की मोठा असो की छोटा, सगळ्यांना सारखं. म्हणजे सतरा गोल करणारा आणि नुकताच संघात आलेला पोरगा एकाच पंक्तीला. यात मोठेपणा किती आणि मालकांची काटकसर किती, याबद्दल मला शंका आहे. पण गॉर्डन कुठे गेला नाही, एवढं खरं.

1930 चा अंतिम सामना तर मॅकहेलने पाहिलाच नाही, तो आजारी होऊन घरी पडला होता. मध्यंतराला जिलाँगचा संघ 21 गुणांनी पुढे होता. क्लबचे खजिनदार बॉब रश, जे स्वतः जुने खेळाडू, ते मध्यंतरात पोरांशी बोलले. शेवटी कॉलिंगवूड 100, जिलाँग 70.

त्यानंतरची काही वर्षं चषक आला नाही, पण गॉर्डनचे गोल थांबले नाहीत. 1933 मध्ये 108, 1934 मध्ये 105. मात्र आता तो एकटा नव्हता. साउथ मेलबर्नचा बॉब प्रॅट, गॉर्डनच्या नेमका उलट, हवेत उडणारा, 1934 मध्ये 150 गोल करून गेला. 1935 च्या अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोर येणार होते. सामन्याच्या दोन दिवस आधी प्रॅट ट्राममधून उतरत असताना त्याला ट्रकने धडक दिली. तो खेळू शकला नाही. कॉलिंगवूड जिंकलं. गॉर्डनचं हे पाचवं अजिंक्यपद.

आणि मग 1936.

तेव्हा तो 34 वर्षांचा होता. हंगामात 60 गोल झाले होते, अजून बरेच सामने बाकी होते. प्रतिस्पर्धी पुन्हा रिचमंड. मागे उभा होता ज्यो मरडॉक, रिचमंडचा कणखर बचावपटू. मानेवरच्या गळवांवर फटके बसत राहिले. एक, दोन, आणखी. कॉव्हेंट्रीने उलटून मारलं.

या खेळात तेव्हा गड्याला मैदानाबाहेर काढायची पद्धत नव्हती. लाल कार्ड नाही, काही नाही. पंच तक्रार लिहून घेतो, सामना चालू राहतो, आणि नंतर आठवड्यात एक लवाद बसतो. तिथे साक्षी होतात, शिक्षा होते. सोळा वर्षांत ज्याच्यावर एकही तक्रार नव्हती, असा माणूस त्या लवादासमोर उभा राहिला. सोळा वर्षांचं सब्र एका पारड्यात आणि एक गुद्दा दुसऱ्या पारड्यात. गळवांची गोष्ट साऱ्या शहराला कळली होती. आठ सामने. म्हणजे उरलेला हंगाम संपला. त्या वर्षी कॉलिंगवूडने साउथ मेलबर्नला हरवून पुन्हा चषक जिंकला, आणि ज्याने साठ गोल करून संघाला तिथवर आणायला हात लावला होता तो त्या संघात नव्हता.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला लवादाचा राग आला. पाच मिनिटांनी तो उतरला, कारण मला माझी मधली सुट्टी आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मैदानावर लक्ष ठेवायची त्या दिवशी माझी पाळी होती. पाठमोरा होतो, कुणाशी तरी बोलत होतो. गलका झाला म्हणून वळलो, तर सातवीतल्या एका मुलाने दुसऱ्याच्या तोंडावर मारलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मारणारा मुलगा एरवी मान वर करून न बोलणारा, कबड्डीत मात्र पट्टीचा. मी विचारलं, “मारलंस ना?” तो म्हणाला, “हो सर.” मी विचारलं, “का?” तो गप्प. मला त्या गप्प बसण्यात मगरुरी दिसली. तालुक्याच्या स्पर्धेसाठी जाणाऱ्या कबड्डी संघातून मी त्याचं नाव खोडलं. शिस्त म्हणजे शिस्त.

चार दिवसांनी त्याची अम्मी शाळेत आली. भांडायला नव्हे. दाराशी उभी राहून म्हणाली, “सर, उसका कान देखे क्या?” मी कान पाहिला नव्हता. कानातून पू येत होता, दवाखाना चालू होता. आणि तो दुसरा पोरगा आठवडाभर येता-जाता त्याच कानावर टिचक्या मारत होता. मी दुसऱ्या पोराला बोलावलं, त्याने कबूल केलं, त्याला समज दिली. पण संघ तोवर स्पर्धेला जाऊन, हरून परत आला होता.

पहिला फटका कधी दिसत नाही. पहिला मारणारा बघून मारतो, शिक्षक पाठमोरा आहे ना, पंच दुसरीकडे आहे ना. ज्याला लागतं तो बघत नाही, तो नुसता वळतो. म्हणून दिसतो तो दुसरा. मी त्या दिवशी जे पाहिलं ते खरंच घडलं होतं, मी खोटा आरोप केला नव्हता. लवादानेही केला नव्हता. कॉव्हेंट्रीने मारलं होतंच. आमच्या घरात लहानपणी सब्रचे धडे भरपूर मिळाले, अब्बा उठता-बसता ते द्यायचे. पण ते धडे नेहमी ज्याला लागलं त्यालाच मिळतात, हे मला शिक्षक झाल्यावरसुद्धा लवकर कळलं नाही.

आणि लवादाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. मानेवर गळवं आहेत म्हणून ठोसा माफ केला, तर पुढच्या शनिवारी प्रत्येकाच्या मानेवर गळू निघालं असतं. वर्गाचंही तेच आहे. ‘सर, त्याने आधी मारलं’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. तेव्हा नियम हवाच. फक्त आठ? सोळा वर्षं कोऱ्या पाटीच्या माणसाला आठ?

या लीगच्या इतिहासात असा प्रसंग पुन्हा घडला, आणि जास्तच कडवट घडला. एसेंडनचा जॉन कोलमन, 98 सामन्यांत 537 गोल करणारा विलक्षण खेळाडू. आज ज्याच्या नावाने दरवर्षी सर्वाधिक गोलांचं पदक दिलं जातं तोच. 1951 मध्ये, बाद फेरीच्या तोंडावर, कार्लटनच्या एका बचावपटूने त्याला मारलं, त्याने उलट मारलं. दोघांनाही शिक्षा झाली, चार-चार सामन्यांची. कागदावर किती बरोबर. पण कार्लटनचा हंगाम संपलेला होता आणि कोलमनचा संघ अंतिम सामन्याकडे निघालेला होता. तो सामना एसेंडन जिलाँगकडून 11 गुणांनी हरलं. कोलमनसारख्याचे दोन गोल म्हणजेच बारा गुण. सारखी शिक्षा म्हणजे इन्साफ झालाच असं नाही, हे मी वर्गात दोघांनाही सारखंच बाकावर उभं करताना हल्ली विसरत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी कबड्डीला नाव दिलं नाही. मी दोनदा विचारलं. “नको सर,” एवढंच.

कॉव्हेंट्रीही परत येणार नव्हता. शिक्षा त्याच्या मनाला लागली होती, वय झालं होतं, पाच चषक होते, कुणाला काही दाखवायचं उरलं नव्हतं. खेळ सोडायचा, असं त्याने ठरवलं होतं. मग विचार बदलला आणि 1937 च्या हंगामात तो पुन्हा गोलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, मागे पुन्हा कुणीतरी मूठ वळून. त्या वर्षी त्याने 72 गोल केले आणि लीगमध्ये सहाव्यांदा सगळ्यांच्या पुढे राहिला. 300 सामन्यांचा टप्पा ओलांडणारा लीगमधला पहिला खेळाडूही तोच ठरला.

1937 चा अंतिम सामना 25 सप्टेंबरला झाला. त्या दिवशी तो 36 वर्षांचा झाला. समोर जिलाँग, मैदानात 88 हजारांवर माणसं. जिलाँगने तो सामना 122 विरुद्ध 90 असा जिंकला. हा त्याचा शेवटचा सामना. त्याच्या जागी रॉन टॉड नावाचा तरुण उभा राहिला, ज्याने पुढच्या दोन्ही हंगामांत शंभरी ओलांडली आणि मग जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या संघटनेच्या क्लबकडे निघून गेला. कॉव्हेंट्री 1968 मध्ये वारला.

1299 चा आकडा मात्र 1937 पासून 1999 पर्यंत, बासष्ट वर्षं, जागचा हलला नाही. तो मोडला सिडनीच्या टोनी लॉकेटने, 6 जून 1999 ला, सिडनीच्या मैदानावर, आणि तेही कॉलिंगवूडविरुद्धच. 1300 वा गोल झाला तसे हजारो लोक कठडे ओलांडून आत धावले, खेळ थांबला. लॉकेट हा रांगडा गडी. 1994 मध्ये त्याने एका प्रतिस्पर्ध्याचं नाक फोडलं होतं. त्यालाही शिक्षा झाली होती आठ सामन्यांची. त्या प्रतिस्पर्ध्याने त्याच्या कुठल्या गळवावर मारलं होतं असं कुणी म्हणालेलं नाही.

मेलबर्नच्या डॉकलँड्स स्टेडियममध्ये दोन टोकांना या दोघांची नावं आहेत. एका बाजूचे चार खांब लॉकेटचे, समोरचे चार कॉव्हेंट्रीचे.